परमुलखाचा धोंडीराम

मला कुणी शहाणपण शिकवू नये. नवरा गेला तवापासून मी ह्या घरात हाय. ह्या घरातली लेकरं मी माझ्या हातानं न्हाऊ घातली आन् माझ्याच भावाला त्यांच्यासाठी खड्डा खणताना बघितलंय. सुंदरराव माझा धाकटा भाऊ. शिरूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव, निजामाच्या राज्यातलं अगदी शेवटचं. डोंगर वलांडला की इंग्रजी मुलूख लागतो. आमच्यात पोरी इकडच्या तिकडं आन् तिकडच्या इकडं द्यायची चाल. डोंगराला इचारून कोण सोयरिकी करतंय? माझी भावजय छबुबाई अशीच पलीकडची, इंग्रजीतली.

छबूला लेकरं टिकत नव्हती. पहिलं आलं तसं गेलं. दुसरी पोरगी, ती दात यायच्या आधीच गेली. तिसरा मात्र चांगला गुटगुटीत होता, घरभर रांगायचा, चुलीपुढची राख खायचा. एक दिवस छबूनं त्याला उचलला, चार बायकांच्या देखत छातीशी धरला आन् म्हणली, "माझा हाय गं ह्यो, माझा." दुसऱ्या दिवशी पोराला आकडी आली. सांजच्याला आमी त्याला ओढ्याच्या कडंला ठेवून आलो. त्या दिवसापासून छबूच्या डोक्यात एक बसलं ते बसलं, की आपण माझा म्हणलं, आन् त्यानं ऐकलं. त्यो म्हणजे कोण, हे आमी नाव घेऊन बोलत न्हाई.

चौथ्या खेपेला तिला माहेरी धाडली. म्हणलं, जागा बदलू, नशीब बदलंल. तिथं तिच्या भावाचं, अर्जुनरावचं, घर पोरांनी नुसतं भरलेलं होतं आन् समदी जिती. पोरगा झाला. पाचवीच्या दिवशी त्याला सुपात घातला, अर्जुनरावच्या उंबऱ्यावर ठेवला, आन् अर्जुनरावच्या बायकोनं मापटंभर कोंडा देऊन त्याला इकत घेतला. आमच्याकडं ज्याचं लेकरू जगत न्हाई तो असंच करतो. म्हणजे त्यो आला हुडकत, तर ह्या बाईकडं लेकरूच न्हाई, आन् त्या घरात एवढी पोरं की कुणाचं कोणतं ते त्याला उमगत न्हाई. नाव ठेवलं धोंडीराम. धोंड्याला कोण नेतंय? आन् छबूनं नवस बोलला, की ह्या पोराचं पहिलं लेकरू पाळण्यात पडंस्तवर मी ह्याला माझा म्हणणार न्हाई.

आता असे नवस लोकं बोलतात आन् दोन-तीन वर्षांत इसरतात. पोरगं दगडं मारीत गावभर हिंडायला लागलं की माय हाक मारतीच, "आरं माझ्या मुडद्या, घरी ये." छबू इसरली न्हाई. ती पोराला घेऊन आली ती गावभर सांगत, दादाचं पोरगं सांभाळायला आणलंय. पोराला पाजायची तीसुदा तोंड भिंतीकडं करून. पोरगं बोलायला लागलं तर तिला आत्या म्हणायचं, बापाला मामा. मला अक्का म्हणायचं, तसं समदं गावच मला अक्का म्हणतं. गावाला ठावं होतं, पण गावानं नवस पाळला. कुणी चुकूनही कवा म्हणलं न्हाई, की छबे, तुझा पोरगा आमच्या हुरड्यात शिरला. म्हणायचे, तुझ्या भावाचा पोरगा शिरला. आन् छबू खुशीत भांडायला जायची.

शाळेत घालायची येळ आली तवा सुंदररावनं त्याला बीडला नेला. मास्तरनं बापाचं नाव इचारलं. माझा भाऊ तसा तालेवार गडी, गावात त्याच्या शब्दाला मान, पण छबूनं निघताना त्याला बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावलीती, की पोराला आपला म्हणणार न्हाई. त्यानं सांगितलं, अर्जुनराव. गाव कोणतं? डोंगरापलीकडचं. मास्तर म्हणला, परमुलखाचं पोरगं हाय, फी पडंल. सुंदररावनं भरली. आपल्याच पोराची परक्याची फी भरून घरी आला आन् आमाला हसून सांगितलं, की आता सरकारी कागदावरसुदा ह्यो आपला न्हाई, बघू कोण नेतंय. आमी समदे हसलो. छबूनं त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या. तिला वाटलं, कागदावर आलं म्हणजे आता पक्कं झालं.

पोरगं हुशार निघालं. उगं आमचं म्हणून सांगत न्हाई. उर्दू बोलायला लागला की तहसीलचे लोक मान वळवून बघायचे. पुढं औरंगाबादेला जाऊन मॅट्रिक झाला. आमच्या अख्ख्या डोंगरपट्ट्यात तवर कुणी झालं नव्हतं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. मी म्हणलं, कावून रे? तर म्हणला, "अक्का, आकडीनं लेकरू मरू नये, त्याला औषध असतं." हे त्याला कुणी सांगितलंतं देव जाणे, मी न्हाई.

त्याचे एक मास्तर होते, त्रिंबक मास्तर. पोरावर लई जीव. ते एकदा उन्हाळ्यात घोड्यावर बसून आमच्या गावापतोर आले. म्हणले, पुण्यात एक कॉलेज हाय, तिथं कुण्या शेठनं सोय करून ठेवलीय. मोगलाईतून, म्हणजे आमच्या निजामाच्या राज्यातून, जे पोरगं शिकायला येईल त्याला फी माफ, शिकून होईस्तवर माफ. कारण मोगलाई म्हणजे त्यांच्या लेखी दुसरं राज्य, तिकडच्या पोरांना आपल्या बोलीतून वर शिकायची सोय न्हाई. दोनच जागा शिल्लक होत्या आन् मास्तरनं एक धोंडीरामसाठी अडवून ठेवलीती. खाण्यापिण्याचं आमी कसंबी बघितलं असतं, ज्वारी धाडली असती, तूप धाडलं असतं. फी मात्र आमच्या आवाक्यातली नव्हती. सुंदरराव मास्तरच्या पाया पडला. मास्तर म्हणले, फकस्त शाळेचा दाखला द्या माझ्याकडं.

दाखला बघितला आन् मास्तर खालीच बसले. धोंडीराम वल्द अर्जुनराव, राहणार इंग्रजी मुलूख. म्हणले, सुंदरराव, हे काय करून ठेवलंत? पुण्याचे लोक म्हणतील, ह्यो तर आमच्याच राज्यातला, ह्याला कशाची माफी? आन् इकडं मोगलाईत गेला तर इकडचे म्हणतील, तू परमुलखाचा. पोरगं ना इकडचं राहिलं ना तिकडचं. माझ्या भावाचं तोंड काळंठिक्कर पडलं. मापटंभर कोंड्यात इकलेलं पोरगं आता सरकारकडून परत घ्यायचं होतं.

सुंदरराव तहसीलला चकरा मारायला लागला. तिथं त्याला सांगितलं, महसुलातले गिरदावर साहेब गावात येऊन चौकशी करतील. ह्या माफीची बातमी फुटल्यापासून लोकं पलीकडचे भाचे-पुतणे आपले म्हणून दाखवायला लागलेत, म्हणून चौकशी कडक हाय. अर्जुनराव असता तर त्यानं येऊन दोन शब्द सांगितले असते. पण मानमोडीच्या तापाच्या साथीत अर्जुनरावचं घर बसलं. तो गेला, बायको गेली, ती समदी पोरं एकामागं एक गेली, बाळंतपण केलेली सुईणसुदा गेली. पोरगं कुणाचं हे सांगणारी उरली फकस्त छबू. दाराला काटी लावून घर बंद करायला शेजारी आले. छबू तवा माहेराला जाऊन आली ती रडली न्हाई. मला कोपऱ्यात घेऊन म्हणली, "अक्का, त्यो तिथं हुडकायला गेलता. ह्याला हुडकायला गेलता, सापडला न्हाई, म्हणून समदं घर नेलं." आता अशा बाईला कुणी समजवायचं?

तरी मी समजावलं. गोड बोलले, शिव्या घातल्या, नारायणगडाला जाऊन नवस फेडून येऊ म्हणलं. भावानं तिच्यापुढं पागोटं काढून ठेवलं, जे त्यानं उभ्या जन्मात कुणापुढं केलं नव्हतं. तो म्हणला, मी सांगतो तो माझा हाय, तू फकस्त गप उभी राहा. ती म्हणली, तुमी बाप हायेत, तुमच्या म्हणण्यानं काय होत न्हाई, तुमच्या पोटातून आलेला न्हाई तो. मी गप राहिले तर त्यो ते हो म्हणल्यागतच ऐकंल. मग धोंडीराम आला. शिकलेलं पोरगं, त्याला वाटलं आपण नीट उलगडून सांगू. परसात ती गोवऱ्या थापीत होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला, आकडी कशानं येते, ताप कशानं येतो, समदं सांगितलं. ती ऐकत होती, हातातलं शेण वाळत होतं. शेवटाला तो म्हणला, "आई, एकदाच म्हण."

आई म्हणला तो. जन्मात पहिल्यांदा. छबूनं शेणाच्या हातानं त्याचं तोंड दाबलं आन् आभाळाकडं बघून वरडायला लागली, की मी आत्या हाय, ह्याची आत्या हाय, पोरगं चुकलं, पोराला कळत न्हाई. धोंडीराम तिच्या हाताखाली तसाच बसून राहिला. मी दारात उभी होते. मला त्या दोघांना बघवलं न्हाई, मी आत गेले.

आन् बघा दैव कसं असतं. दुसऱ्या दिवशी धोंडीराम तापानं फणफणला. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याकडं घरोघर हिवताप असतो, सुंदररावला येतो, मला येतो. आमाला आला की काढा पितो आन् उठतो. पण ह्याला त्या दिवशी यायचा होता. छबू त्याच्या उशाशी बसून राहिली, त्याला हात लावला न्हाई, नुसती म्हणत होती, दादाचा हाय, दादाचा हाय. ताप उतरला. धोंडीराम उठून बसला, हसला आन् मला म्हणला, अक्का, कोयनेलची गोळी दिली असती तर कालच उतरला असता. मी म्हणलं, बाबा, आता तू काहीबी दे, ती बाई काय ऐकायची न्हाई.

गिरदावर साहेब आले त्या दिवशी चावडी भरली होती. साहेब हैद्राबादकडचा मुसलमान माणूस, वयानं पोक्त, बोलायला सभ्य. मी चावडीवर उगं शिव्याशाप द्यायला गेलते, पण त्या माणसाला शिव्या देता येईनात. सुंदररावनं हात जोडून समदं सांगितलं, सूप, कोंडा, नवस. पाटलानं सांगितलं, खरं हाय. साहेबानं ऐकून घेतलं आन् म्हणला, माझ्या घरातबी अशा गोष्टी हायेत, मी हसणार न्हाई. पण सुंदरराव, तुमच्या तोंडाचं एक आन् तुमीच लिहून दिलेलं एक. मी कोणतं खरं धरू? मी पुढं झाले, म्हणलं मी सांगते, मी त्याची सख्खी आत्या हाय. साहेबानं अदबीनं इचारलं, बाई, बाळंतपणाला तुमी होता का? मी नव्हते. खोटं बोलावं असं जिभेवर आलंतं, पण पाटील, पंच, समदे बघत होते, आन् समद्यांना ठावं होतं मी नव्हते.

साहेब म्हणला, मग जिनं जन्म दिला तिलाच इचारतो. तिनं पाच माणसांत सांगितलं, तर कागद खोटा, मी आत्ता सही करतो. छबू चावडीच्या खालच्या पायरीला पदर ओढून उभी होती. साहेब उठून पायरीपतोर आला. म्हणला, "बाई, एकदा बोला. नुसतं हो म्हणा. पोराची जिंदगी हाय."

छबूनं मान वर केली. धोंडीराम खांबाला टेकून उभा होता, तापानं उतरलेला. तिनं त्याला असं बघितलं की मला वाटलं आता म्हणती. समद्यांनाच वाटलं. पाटील पुढं वाकला.

"न्हाई," छबू म्हणली. "माझा न्हाई. माझ्या भावाचा हाय."

सुंदररावनं डोकं गुडघ्यात घातलं. साहेब माणूस चांगला, मी सांगितलं ना. तो कागदाकडं गेला न्हाई, धोंडीरामकडं वळला. म्हणला, बेटा, बाई घाबरलीय, मला दिसतंय. तू शिकलेला हायेस. तू सांग, की बाई भ्याली म्हणून खोटं बोलली, ही तुझी आई हाय. मी तुझ्या शब्दावर सही करतो आन् वर काय उत्तर द्यायचं ते माझं मी देईन.

आता ह्याच्यापेक्षा जास्त देवानं तरी काय करावं? माझ्या जिवात जीव आला. त्रिंबक मास्तर आलते, ते डोळे पुसून हसायला लागले. धोंडीरामला नुसतं खरं बोलायचं होतं. आन् छबूनं हात जोडले. साहेबापुढं न्हाई, पोरापुढं. पायरीवर उभी राहून, हात जोडून, मान हलवीत होती, न्हाई, न्हाई, न्हाई. तोंडातून आवाज नव्हता. पोरगं तिच्याकडं बघत राहिलं. त्याला तो नवस खोटा हाय हे ठावं होतं, ताप कशाचा होता हे ठावं होतं, त्याला समदं ठावं होतं.

"साहेब," तो म्हणला, "त्या माझ्या आत्या हायेत."

मास्तर उठून निघून गेले. साहेबानं लिहिलं ते वाचून दाखवलं, पंचांनी अंगठे उमटवले, आन् चावडी मोकळी झाली. छबू माझ्या पुढं चालत घरी आली, आन् मी खोटं सांगत न्हाई, तिची चाल हलकी होती. घरात शिरल्या शिरल्या चूल पेटवली. मी तिला नाही नाही ते बोलले. म्हणलं, पोराचं वाटोळं केलंस, तुझ्या हातानं केलंस. तिनं भाकरी थापता थापता मला सांगितलं, जिता हाय ना अक्का, मला दुसरं काय नको. पुण्याला त्याच्या जागी दुसरं कुणी गेलं असंल.

सुंदरराव बायकोशी बोलेनासा झाला. ते मी समजू शकते. धोंडीराम मात्र कुणाला काही बोलला न्हाई. कुणी म्हणलं असतं तर मास्तरनं बीडला कुठं कारकुनी बघून दिली असती. तो गेला न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यानं बैल जुंपले. त्याला धड जुंपता येत नव्हते, गडी हसले, मग शिकला. पेरणी केली, कोळपणी केली. जेवायला वाढलं की जेवायचा, हाक मारली की यायचा. पुस्तक म्हणून हातात धरलं न्हाई, आन् औषधाचं एक अक्षर कुणाला सांगितलं न्हाई. गल्लीतल्या एका लेकराला आकडी आली तवा त्याची माय धावत आली, की शिकलेला हायेस, काही कर बाबा. तो म्हणला, मला काय कळतंय त्यातलं? आन् वैरण तोडायला बसला. ते लेकरू वाचलं, कसं ते देवाला ठावं. पण धोंडीरामनं मान वर करून बघितलंसुदा न्हाई.

लग्नाचं काढलं तर म्हणायचा, बघू. स्थळं आली, गेली. आन् लग्न न्हाई तर पाळणा न्हाई, पाळणा न्हाई तर नवस फिटायचा न्हाई. छबू रोज सकाळी उठून आधी त्याच्या दाराशी जायची. छाती वरखाली होती का बघायची, मग सडा टाकायला जायची. वर्ष गेलं, दुसरं गेलं. हळूहळू दाराशी तिचा येळ जास्त जायला लागला.

एक दिवस आमी दोघी जात्यावर बसलो होतो. तिनं खुंटा सोडला. म्हणली, "अक्का, पोरगं हसत न्हाई गं आता. कवापासून हसलं न्हाई."

माझं तोंड तसं फटकळ, आन् दोन वर्षं दाबून ठेवलेलं होतं. मी म्हणलं, "मेलेलं माणूस कुठं हसतं?"

छबूनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडंल, आता ऊर बडवून घेईल. तिनं मूठभर ज्वारी जात्यात टाकली आन् एकटीच ओढायला लागली. मी खुंट्याला हात लावला तर म्हणली, राहू द्या, मी ओढते.